शिवेवरचा गाडा

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात एका मंगळवारी माझ्या बहिणीने मरीआईचा गाडा ओढला. चावडीपासून ओढ्यापर्यंत तिने तो नेला. गाव तिच्या मागून चाललं होतं. ओढ्यापलीकडे तिने दोर सोडला आणि ती परत आली.

एवढं लिहून मी बरेच दिवस थांबले होते. पुढचं सांगायचं तर आधी गाड्याबद्दल सांगायला हवं. आता तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

मरीआई ही पटकीची देवी. गावात पटकी शिरली, माणसं जुलाब-उलट्यांनी पटापट जाऊ लागली, की लाकडाचा एक लहान गाडा करायचा. त्यात देवी बसवायची. हिरवा चुडा, खण, लिंबं, मडक्यात दहीभात असं सगळं तिच्यापुढे ठेवायचं आणि गाडा ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून द्यायचा. देवी गेली की रोग गेला. शेजारच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा, त्याने त्याच्या पुढच्या. शेवटी तो कुठे जाऊन थांबतो हे कोणी पाहिलेलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. आणि ओढायचं काम वहिवाटीने महारांचं.

आमचे आजोबा नेवाशाकडच्या एका खेड्यातले. बाप्तिस्मा घेण्याआधी त्यांनी हा गाडा ओढला होता. आम्ही लहान असताना ते त्याची गोष्ट हसत हसत सांगत. "दोर खांद्यावर घेतला की मागं बघायचं न्हाई. मागं सगळं गाव असतं." सांगताना त्यांचा डावा हात उजव्या खांद्यावर जाई आणि तिथेच राही. वडील शिक्षक झाले, आम्ही श्रीरामपुरात वाढलो, घरात पुस्तकं आली. गाडा ही आमच्यापुरती गोष्टच राहिली.

बहिणीला मी अक्का म्हणत असे. ती नगरला नर्सिंग शिकली आणि तिथेच काही वर्षं नोकरीला होती. मग नगरच्या काही भल्या माणसांनी एक संस्था काढली. जिथे डॉक्टर जात नाहीत तिथे दवाखाना न्यायचा, असं त्यांचं म्हणणं. ती चालवायला त्यांनी अक्काला विचारलं. तिने श्रीगोंदा तालुक्याची ती कड निवडली जिथे पाट पोचत नाही. काही मैलांवर ऊस डोक्याच्या वर वाढलेला असायचा, वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास यायचा. तिने निवडलेल्या गावात मात्र माळ, बाजरी आणि दगड. कागदोपत्री ती संस्थेची चिटणीस होती. प्रत्यक्षात कुलूप काढण्यापासून सगळं तीच करायची. शुक्रवारी नगरहून एक म्हातारे डॉक्टर एसटीने येत. बाकीचे दिवस तिचे.

तिची कामाची एक रीत होती. फेरीला निघाली की औषधाची पेटी ती आधी गावाच्या शेवटच्या घरात उघडायची. शेवटचं घर कोणतं हे आपल्याकडे कोणत्याही गावात विचारावं लागत नाही. ओढ्याच्या अंगाला बौद्धांची वस्ती होती. तिथून सुरुवात करून ती वर वर येत जायची आणि शेवटी पाटलाच्या आळीत पोचायची. दुसरी गोष्ट, ज्या घरात पेटी उघडायची त्या घरचं पाणी मागून प्यायचं. वस्तीत प्यायचं, मग तेच तोंड घेऊन मराठ्यांच्या घरात प्यायचं. त्यावर ती कधी भाषण करत नसे. तांब्या रिकामा करून ती पदराने तोंड पुसायची आणि सुई उकळायला टाकायची.

सुरुवातीला गावाने नाकं मुरडली. मग सवय झाली. वरच्या आळीतली एक मावशी तिला म्हणायची, "बाई, तुमची वरात लई उलटी! नवरदेव शेवटाला आन् घोडं आधी."

"मावशी, तुमच्यापर्यंत येईतो माझा सुई टोचायचा हात बसलेला असतो. फायदा तुमचाच."

"व्हय, आन् सुई बोथट झालेली असती!"

ओढ्यापलीकडच्या गावातही ती अशीच जायची. तिथेही शेवटचं घर आधी.

बहात्तरला पाऊस आला नाही. दोन्ही गावांच्या मधल्या माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि सगळे तिथे पाट्या वाहू लागले. मी श्रीरामपुरात शिकवत होते त्या शाळेतली मुलं कमी होत गेली म्हणून माझी रजा सहज मंजूर झाली, आणि मी अक्काला मदत करायला गावात येऊन राहिले. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस चालले होते. माळावर वावटळी उठायच्या आणि बराच वेळ खाली बसायच्या नाहीत. घारी कामावरच्या माणसांच्या अगदी जवळ उतरून बसायच्या. हाकललं तरी चार पावलं सरकायच्या आणि पुन्हा बसायच्या. माणसं हाकलायची थांबली.

पाणी टँकरने येई आणि गावाच्या विहिरीत ओतलं जाई. वस्तीची विहीर कोरडी पडली होती. गावच्या विहिरीला हात लावायची वस्तीला मुभा नव्हती. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन काठापासून लांब बसायच्या आणि वरच्या कोणा बाईच्या मनात येईल तेव्हा ती त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायची. याला गावात 'पाणी वाढणं' म्हणत. मनात आलं नाही तर बाया ओढ्यात जायच्या, वाळू उकरायच्या आणि झिरपेल ते वाटीने भरायच्या. त्याच वाळूच्या वरच्या अंगाला कामावरची माणसं शौचाला बसत. अक्काने तात्यांकडे कितीदा तरी शब्द टाकला होता. तात्या म्हणजे आमचे सरपंच. उंच, वाळके, हळू बोलणारे. ते म्हणत, "बघू बाई. बायांचं काम हाय त्ये. बायांना दुखवून चालत न्हाई."

चैत्र संपताना पहिली बाई गेली. तात्यांच्या भावकीतलीच सून. सकाळी ती कामावर पाटी उचलत होती, दिवस मावळायच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी वस्तीत एक म्हातारा आणि त्याचा नातू. अक्काने तालुक्याला निरोप धाडला. टोचणीवाले येणार होते, पण त्यांना सगळीकडूनच बोलावणी होती. तिच्याकडे सलाइनच्या बाटल्या होत्या, मीठ-साखरेचं पाणी करून पाजायची माहिती होती, आणि विहिरीत टाकायची पावडर होती. ती पावडर घेऊन विहिरीवर गेली तर बाया काठावर कडं करून उभ्या.

"न्हाई टाकायची."

"का गं?"

"वास येतो तिला. देवीला चालत न्हाई. तुमी मागं एकदा टाकली, तवाच ती कोपली."

म्हणजे एकीकडे पावडर अडली. दुसरीकडे, त्याच दिवशी, वस्तीला पाणी वाढणं बंद झालं. गावात बोललं जाऊ लागलं की छप्पन्न साली वस्तीने धर्म बदलला, तेव्हापासून गाडा निघालाच नाही. इतक्या वर्षांचं साचून आलंय. वस्तीने गाडा ओढावा, मग पाणी.

वस्तीने सांगितलं, मेलो तरी ओढणार नाही.

वस्तीतर्फे बोलायला एक जण असे. दौंडकडे रेल्वेच्या लाइनीवर गँगमन होता, आता घरी आलेला. दणकट, कमी बोलणारा. त्याचा एक मुलगा अक्काच्या खोलीत सलाइनवर पडलेला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "ताई, माज्या बापानं वढला, त्याच्या बापानं वढला. मी बुद्धाच्या पायाशी बसून शपथ घेतलीया. आता पोरासाठी मोडू?"

"मी तसं म्हणालेच नाही."

"न्हाई, तुमी न्हाई म्हनला. गाव म्हनतंय. पर पानी तर पायजे."

पाणी तर पाहिजे. अक्का त्या दिवसांत याशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. वस्ती वाळूतलं पाणी पीत राहिली तर आठवड्यात निम्मी घरं रिकामी होतील, हे ती मला सकाळी चहा गाळताना सांगायची, अगदी साध्या आवाजात. आणि विहिरीत पावडर पडली नाही तर वरची आळीही.

मंगळवारी सकाळी ती चावडीवर गेली. मी सोबत होते. गाडा तयारच होता. सुताराने कडुनिंबाच्या लाकडाचा केला होता, चाकांना अजून ओला वास होता. त्याच्याभोवती माणसं बसली होती, आणि कोणीच त्याच्या फार जवळ नव्हतं.

अक्का तात्यांना म्हणाली, "गाडा निघाला तर विहिरीत पावडर टाकू द्याल?"

"निघाला तर बाया आडवनार न्हाईत."

"आणि वस्तीतल्या बाया स्वतःच्या हाताने पाणी शेंदतील. वाढायचं नाही, शेंदायचं. कबूल?"

कुजबुज झाली. तात्यांनी हात वर केला. "कबूल. रोग जाईस्तोवर न्हाई, कायमचं कबूल. पर वढनार कोन, बाई? तिढा तितंच हाय."

"मी ओढते."

मागून एक जण हसला. "बाई, इंजेक्शन न्हवं त्ये. लाकूड जड हाय."

"जड असू दे."

तात्या हसले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुमचं मूळ गाव कोंचं म्हनला हुता, बाई? आजाचं?"

तिने नाव सांगितलं. तिला त्यात काही वाटलं नाही. त्यांनी मान डोलावली, एकदा, सावकाश, आणि शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानेही मान डोलावली. मग दोघं एकदम मोकळे झाल्यासारखे पायांवर उभे राहिले.

घरी येऊन ती पातळाचा काष्टा घालू लागली, तेव्हा मी तिला एवढंच म्हणाले, "अक्का, आजोबा."

"आठवतंय," ती म्हणाली. "म्हणूनच. एकदा कोणीतरी असं ओढलं पाहिजे की ते जातीचं काम राहणार नाही. मी इथल्या दवाखान्याची प्रमुख आहे. प्रमुखाने ओढला की मग तो कोणाचाच नाही. नुसतं लाकूड." मग ती म्हणाली, "आज गाडा जाईल, उद्या सकाळी मी पावडर आणि बाटल्या घेऊन त्या गावात पोचते. रोगाच्या आधी."

तिचा हिशोब असा होता. आजही तो मला चुकीचा वाटत नाही. फक्त गाव वेगळा हिशोब करत होतं.

हलगी वाजवायला वस्तीतलं कोणी आलं नाही. पोरांनी पत्र्याचे डबे बडवले, मग त्यांनाही कोणी तरी गप्प केलं. चाकं नवी असल्यामुळे करकरत होती. दुपारची वेळ होती, रस्त्यावर सावली नव्हती. अक्काच्या पांढऱ्या पातळावर दोराचा पट्टा पडला. ती वाकून चालत होती, आणि मागे सगळं गाव, बायका हातात निंबाचे डहाळे घेऊन, तोंडातून शब्द न काढता. वस्तीसमोरून जाताना तिथली दारं लावलेली होती. एकच दार उघडं होतं. त्यात गँगमन उभा होता. त्याने हात जोडले नाहीत, मान वळवली नाही. ती समोरून जाईपर्यंत बघत राहिला.

ओढा ओलांडून तिने गाडा पलीकडच्या काठावर चढवला. त्या काठावर शेजारच्या गावातली माणसं जमली होती. कामावरून परतणारी, डोक्यावर पाट्या असलेली. त्यांनी तिला ओळखलं. दर गुरुवारी ती त्यांच्या घरांत पाणी प्यायची. एक म्हातारी पुढे आली, पाटी खाली ठेवली, आणि म्हणाली, "बाई, तू बी?"

अक्काने दोर सोडला. ती परत वळली.

तात्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी उजाडताच विहिरीत पावडर पडली आणि वस्तीतल्या बाया घागरी आणि दोर घेऊन आल्या. वरच्या बाया बाजूला झाल्या. पहिली घागर वर आली तेव्हा ती शेंदणारी बाई ती उचलायचंच विसरली. उभी राहून घागरीत बघत राहिली. अक्का विहिरीच्या कठड्याला टेकून होती, खांद्यावर माझं ओलं फडकं ठेवून. ती हसत होती. तिचं ते हसणं मला स्पष्ट आठवतं. त्यानंतर तसं नाही.

कारण त्याच वेळी गँगमन तिथे आला. त्याच्या हातात घागर नव्हती. तो अक्काच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तात्यानं तुमचं गाव कशाला इचारलं, म्हाईत हाय?"

"सहज विचारलं."

"सहज न्हाई. त्यानं काल सांजच्याला सगळ्या आळीला सांगितलं. म्हनला, काळजी करू नका, गाडा महारानंच वढलाय. किरिस्ताव हून बाटली तरी रगत त्येच. आता देवी मानंल."

अक्काने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"गावाला एक महार पायजे हुता. आमी न्हाई म्हनलो, तर त्यांनी तुमाला हुडकून काढलं. आमी जे खाली टाकलं, ते तुमी उचललंत."

"माझ्या मनात तसं नव्हतं."

"मला ठावं हाय, ताई. तुमच्या मनात काय हाय त्ये आमाला ठावं हाय. पर त्यांच्या मनात काय हाय त्ये तुमाला ठावं न्हवतं."

त्याचा मुलगा वाचला होता. तो त्याला खांद्यावर घेऊन गेला. त्याच्या घरात त्या विहिरीचं पाणी पुढे कधीच भरलं गेलं नाही. त्याची बायको मैलभर लांबच्या मळ्यातून आणायची.

अक्का त्या सकाळी ठरल्याप्रमाणे पेटी घेऊन ओढ्याकडे निघाली. पलीकडच्या काठावर, वाटेत, बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. काट्यांच्या अलीकडे गाडा तसाच उभा. देवीपुढचा दहीभात उन्हात तडकला होता. मुंग्यांची रांग चाकावरून वर गेली होती. त्यांनी गाडा पुढच्या शिवेवर नेला नव्हता, कारण त्यांच्याही वस्तीने ओढायला नकार दिला होता. आणि तो दुसरं कोणी ओढणार नव्हतं. गाडा शिवेवर अडकला होता, आणि आता दोन्ही गावं त्याच्याकडे बघून दिवस मोजत होती.

काट्यांपलीकडून काठी घेतलेल्या एका तरण्या गड्याने हाक दिली. "तितंच थांबा."

"अरे, पावडर आणलीय. तुमच्या विहिरीत टाकू दे. अजून वेळ आहे."

"काल देवी आनली, आज पावडर. उद्या काय आनता, तिरडी?"

मागची माणसं हसली. ती रोजची माणसं होती. त्यांच्यातल्या दोघांची बाळंतपणं, म्हणजे त्यांच्या बायकांची, अक्कानेच केली होती.

आणि मग त्यांच्या गावात पटकी आलीच. ती गाड्याने आली नव्हती. दुष्काळी कामावर दोन्ही गावं एकाच वाळूतलं पाणी पीत होती. पण त्या गावाला ते कोण पटवणार? त्यांच्यासमोर, त्यांच्याच काठावर, तिने ती आणून सोडली होती. आमच्या गावात विहिरीतल्या पावडरीने रोग ओसरू लागला, आणि गाव म्हणू लागलं, गाडा गेला, बघा. दोन्हीकडे तोच गाडा खरा ठरला. मधे अक्का होती, आणि तिच्या पेटीला कोणी विचारेना.

ती रोज सकाळी ओढ्यात जाऊन बसू लागली. काठाच्या सावलीत, गाड्यापासून थोडं अंतर ठेवून. मी बाटल्या आणि उकळलेलं पाणी घेऊन सोबत असे. पलीकडच्या गावातून रडण्याचा आवाज येई. सुरू होई, थांबे, दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू होई. घारी आता माळावरून उठून त्या गावावर गेल्या होत्या. अक्का कान देऊन ऐके आणि म्हणे, "हे वरच्या आळीतून." थोड्या वेळाने, "हे मारुतीच्या मागून." कोणत्या घरात काय चाललंय हे तिला आवाजावरून कळत होतं, आणि ती जाऊ शकत नव्हती.

एके दिवशी तो तरणा गडी काट्यांजवळ आला. त्याची आई गेली होती. तो दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला. म्हणाला, "बाई, एक करा. तुमी आनला, तुमीच फुडं न्या. त्या अंगाच्या शिवेला सोडा. मग काट्या काढतो. पेटी घिऊन या, कुठंबी या."

मी अक्काकडे पाहिलं. गाडा हलक्या हाताने ओढला तर तासाभराचं काम होतं. त्या गावात तेव्हा किती जण अंथरुणाला होते, कोणास ठाऊक.

"आणि त्या पुढच्या गावाने हेच सांगितलं तर?" ती म्हणाली.

"त्ये त्यांचं बघतील."

"नाही. एकदा ओढला. त्याचं काय झालं ते मी इथे बसून ऐकतेय. आता नाही."

"मग मरू द्या आमाला."

"मी इथंच आहे. दिवसभर. आजाऱ्याला इथे आणा. मी काट्या ओलांडणार नाही."

तो थुंकला आणि गेला.

पुरुष आले नाहीत. दुपारी, माणसं कामावर असताना, एक बाई आली. काट्यांच्या खालून सरपटत, पाठीला बांधलेलं पोर घेऊन. पोराचे डोळे वर गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. अक्काने वाळूतच पोर आडवं घेतलं आणि त्याला सलाइन लावली. बाटली कुठे टांगायची? आसपास झाड नव्हतं. शेवटी मी ती हातात धरून उभी राहिले. दिवस कलला तसं पोर कण्हलं आणि त्याने डोळे उघडून पाणी मागितलं.

ती बाई अक्काच्या पायाशी बसली होती. तिने सोबत आणलेला तांब्या पुढे केला. आणि विचारलं, "बाई, आमचं पानी पिशील? पयल्यावानी?"

त्या पाण्यात काय होतं हे तिथल्या तिघींपैकी दोघींना माहीत होतं. अक्का शेकडो घरांत पाणी प्याली होती, आणि या महिन्यात तिने शेकडो घरांना सांगितलं होतं की उकळल्याशिवाय घोट घेऊ नका. माझ्या हातात बाटली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या बाईकडे बघत होती. ती बाई उत्तराची वाट पाहत होती, आणि तांब्या किंचित मागे घेऊ लागली होती.

अक्काने तांब्या घेतला आणि पाणी प्याली. पदराने तोंड पुसलं.

दुसऱ्या सकाळी वाटेवरच्या काट्या बाजूला झाल्या होत्या. कोणी केल्या ते कळलं नाही. आम्ही त्या गावात गेलो. विहिरीत पावडर पडली. अक्काने शेवटच्या घरापासून सुरुवात केली. त्या तरण्या गड्याने स्वतः चूल पेटवून पाणी उकळायला ठेवलं. तो तिच्याशी बोलला नाही, पण बाटल्या टांगायला त्याने घराघरांत खुंट्या ठोकल्या. त्यानंतरचा मंगळवार आला तोवर नवं माणूस आजारी पडायचं थांबलं होतं. सलाइन संपली होती. डॉक्टर ती आणायला नगरला गेले होते.

त्याच मंगळवारी पहाटे तिला जुलाब सुरू झाले. मी मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिले आणि ती ते ओकत राहिली. तिचा आवाज गेला, मग बोटं सुरकुतली. ती काय होतंय ते ओळखत होती, आणि मला खुणेने सांगत होती, थोडं थोडं दे. दुष्काळी कामावरचा एक ट्रक मिळाला. त्याच्या तळाशी खडीची भुकटी होती, त्यावर वस्तीतल्या बायांनी वाकळा अंथरल्या. श्रीगोंदा यायच्या आधी ती गेली.

तिला श्रीगोंद्यालाच मूठमाती दिली. पटकीचं प्रेत श्रीरामपूरपर्यंत नेता येणार नव्हतं. खड्डा गँगमनने आणि त्या तरण्या गड्याने खणला. माती कठीण होती, कुदळीचे घाव लांबून ऐकू येत होते. तात्या आले होते. ते माझ्यापाशी येऊन डोळे पुसत म्हणाले, "वढनारीला देवीनं घेतलं, बाई. म्हनून आमी वाचलो." त्यांना ते मनापासून वाटत होतं. गाड्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

मी त्या गावांत पुढे फक्त एकदा गेले, संस्थेचं सामान आणायला. दोन्ही ठिकाणी मला लोकांनी बसवून घेतलं, गूळ-पाणी दिलं आणि तीच गोष्ट सांगितली. गाडा, दोर, देवी. पावडरीचं नाव त्यांत नव्हतं. ओढ्याच्या वाळूत रोज बसलेल्या बाईचंही नव्हतं. वस्तीत मात्र ही गोष्ट सांगत नाहीत. तिथे अक्काचा विषय निघाला की माणसं गप्प होतात. ते गप्प राहणं रागाचं आहे की दुःखाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

संस्था आता नाही. दवाखान्याच्या खोलीत खताच्या गोण्या असतात. गावच्या विहिरीवर, नळ येईपर्यंत, वस्तीतल्या बाया पाणी शेंदत राहिल्या. त्यांना पुन्हा कोणी अडवलं नाही. गँगमन वारला. ओढ्यापलीकडच्या गावात सरकारी उपकेंद्र आहे. कबर श्रीगोंद्याला आहे. मी श्रीरामपूरला राहते.